चाकू, ज्वाला, कवटी

कौटुंबिक कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक अरुंद खोली आहे. तिथं ती बसायची. सगळं कोर्ट तिला टाइपबाई म्हणायचं. वकील, शिपाई, हेडक्लार्क, इतकंच काय, घटस्फोटाला आलेली माणसंसुद्धा दोन-चार तारखांनंतर तिला याच नावानं हाक मारायला लागत. तेविसाव्या वर्षी ती या खुर्चीवर येऊन बसली, तेव्हा समोर लोखंडी टाइपरायटर होता आणि तीन प्रती काढायच्या तर अक्षर न अक्षर ठोकावं लागायचं. आता सत्तावन्न पूर्ण झाली होती, समोर संगणक होता, आणि ठोकण्याचा हिशेब उजवं मनगट चुकता करत होतं. पट्टा बांधल्याशिवाय तिला चहाचा कपसुद्धा उचलवत नसे.

खोलीला एक खिडकी होती. तिच्याबाहेर शेजारच्या इमारतीतल्या एसींची मागची तोंडं. दिवसभर गरम हवा आत फेकायची. बाई खिडकी बंद ठेवायची आणि पंखा चालू. पंखा तीनवर ठेवला तर कागद उडायचे, दोनवर ठेवला तर कुरकुरायचा. ती दोनवर ठेवायची. चौतीस वर्षांत माणूस कुरकुर ऐकायला सरावतो.

कामाची तिची एक रीत होती. मजकूर डोळ्यांतून थेट बोटांत जायचा, मध्ये डोकं घालायचं नाही. दुसऱ्यांचे संसार मोडताना रोज वाचायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वतःचा करायचा, तर दुसरा इलाज नव्हता. नवीन असताना ती एकदा एका अर्जावर रडली होती. तेव्हाच्या म्हाताऱ्या हेडक्लार्कनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरी, टायपिस्टला मत नसतं. अश्रूही नसतात. कागद भिजतो." तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला.

ही रीत मोडली ती चित्रांनी.

पूर्वी पुरावा म्हणजे पत्रं, चिठ्ठ्या, फार तर एखादी डायरी. मग फोनवरचे संदेश यायला लागले. ते छापून दाव्याला जोडायचे. पण कोर्टाचा प्रिंटर जुना, त्याला अक्षरं कळायची, चित्रं कळायची नाहीत. जिथं चेहरा असेल, हात असेल, फूल असेल, तिथं तो एक रिकामा चौकोन छापून मोकळा व्हायचा. एका दाव्यात यावरून गोंधळच झाला. सासू वारल्याच्या निरोपावर सुनेनं एक चेहरा पाठवला होता. नवरा म्हणाला, माझी आई गेली आणि ही हसली. बायको म्हणाली, मी रडले. कागदावर नुसता चौकोन. फोन मागवून पाहिला, तर डोळ्यांतून पाणी वाहणारा चेहरा, आणि तोंड उघडं. ते रडं होतं की हसू, यावर दोन्ही वकिलांनी एक अख्खी दुपार घालवली. शेवटी न्यायाधीश साहेब वैतागले आणि त्यांनी हुकूम काढला की यापुढे प्रत्येक चौकोनाच्या जागी चित्राचं वर्णन शब्दांत लिहायचं. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ जोडली. जे दिसतं तेवढंच लिहावं, अर्थ लिहू नये.

हे काम कुणाच्या गळ्यात पडणार? बाईच्याच.

आता दिसतं तेवढं लिहायचं म्हणजे सोपं वाटतं. बाई एका हातात वकिलानं दिलेलं फोनच्या पडद्याचं चित्र धरायची, दुसऱ्या हातानं चौकोन भरायची. जोडलेले दोन हात. एक डोळा मिटलेला चेहरा. उलटा टांगलेला हसरा चेहरा. त्याला काय म्हणायचं? तिनं लिहिलं, "डोकं खाली केलेला हसरा चेहरा". एकदा तिनं "पीच नावाचं फळ आणि पाण्याचे तीन थेंब" असं सरळ मनानं लिहून दिलं, आणि दुपारी वकिलांच्या खोलीतून हास्याचा असा स्फोट झाला की शिपाई धावत गेला. बाईनं संध्याकाळी मुलीला फोन करून विचारलं. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती म्हणाली, "आई, तू हे कुठं वाचलंस?"

"कामात आलं."

"तुझं काम बदल."

पण त्यानंतर मुलगीच तिची गुरू झाली. बाई विचारायची, ती सांगायची. कवटी म्हणजे मरण नाही, हसून हसून मेले. कवटीबरोबर शवपेटी आली तर आणखीच हसले. नुसते दोन डोळे म्हणजे मी बघतोय, पुढं काय होतंय ते. विदूषक म्हणजे समोरच्याला मूर्ख म्हटलं, किंवा स्वतःला. लाल हृदय घरच्यांना, काळं हृदय मन उदास असलं की, आणि तुटलेलं हृदय आताशा कोणी मनापासून वापरत नाही. हसऱ्या चेहऱ्यांत सगळ्यात वाईट तो साधा, ओठ मिटून हसणारा. तो हसत नसतो, दात-ओठ खात असतो. आणि त्याच्यापुढं अंगठा असेल तर समजायचं, बोलणं संपलं.

बाईनं हे ऐकलं, आणि जेवण झाल्यावर स्वतःचा फोन उघडून बसली. मुलीचे गेल्या दोन वर्षांतले संदेश तिनं मागं मागं नेत पाहिले. "औषध घेतलंस का" याला अंगठा. "थंडी आहे, स्वेटर घाल" याला अंगठा. "या महिन्यात येतेस का" याला तो ओठ मिटलेला हसरा चेहरा आणि अंगठा. तिनं लगेच फोन लावला.

"तू माझ्यावर रागावलीयेस का गं?"

"कशावरून?"

"तू मला तो चेहरा पाठवतेस. आणि अंगठा."

पलीकडून मोठा उसासा आला. "आई, तुझ्यासाठी तो नुसता अंगठा असतो. मी ऑफिसात असते गं. तू ते कोर्टातलं घरी आणू नकोस ना."

बाईनं बरं म्हटलं. पण शिकलेलं विसरता थोडंच येतं? त्या दिवसापासून मुलीचा अंगठा आला की ती क्षणभर थबकायची. नवऱ्याला तिनं हे सांगितलं, तर त्यानं टीव्हीवरची नजर काढली नाही. तो बस डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त. फोन तो फक्त उचलायचा.

"आपण कधी एकमेकांना काही लिहिलंच नाही, नाही का?" बाई म्हणाली.

"कशाला लिहायचं?" तो म्हणाला. "इथंच तर होतो."

त्याच सुमारास तो दावा आला. नवरा छापखान्यात मशीनवर, बायको एका दवाखान्यात रक्त तपासणीला. आठ वर्षांची एक मुलगी. वर्षभरापूर्वी नवरा घर सोडून बहिणीकडं राहायला गेला होता. घटस्फोट दोघांनाही हवा होता, त्याबद्दल भांडण नव्हतं. भांडण मुलीच्या ताब्यावरून होतं. नवऱ्याच्या वकिलांनी अकरा पानांचे निवडक संदेश जोडले होते आणि म्हटलं होतं की बायको हिंसक आहे, मूल तिच्याजवळ सुरक्षित नाही. पुरावा काय, तर नवरा घर सोडून गेल्यावर तिनं सलग सहा दिवस, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, त्याला एकच संदेश पाठवला होता. शब्द एकही नाही. तीन चित्रं. चाकू, ज्वाला, कवटी.

बायकोच्या वकिलांनी उत्तर दिलं होतं, आरोप अमान्य. एवढंच. साहेबांनी बायकोला विचारलं, "मग याचा अर्थ काय?" ती म्हणाली, "मी धमकी दिली नाही." परत विचारलं, तर परत तेच. त्यापलीकडं तिनं तोंड उघडलं नाही. नवरा बाजूला खाली मान घालून बसला होता. साहेबांनी दोघांमधले सगळे संदेश, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दाव्याला जोडायला सांगितले.

ती झाली चारशे बारा पानं. एवढी पानं कोणी वाचत नाही. वकील आपल्या कामापुरती चाळतात, साहेबांकडं वेळ नसतो. पण चौकोन भरायचे तर बाईला ओळ न ओळ बघावीच लागणार होती. तिनं मनगटाला पट्टा बांधला, पंखा दोनवर ठेवला आणि पान एकपासून सुरुवात केली.

पहिली तीस-चाळीस पानं नव्या लग्नाची. येताना दूध आण, माझी चप्पल तुटली, तुझा मित्र फार बोलतो. बाईची बोटं चालत होती, डोकं बाजूला होतं. पान एक्केचाळीसवर तिची बोटं थांबली. चाकू, ज्वाला, कवटी. वेळ संध्याकाळी साडेसात. त्याखाली नवऱ्याचं उत्तर. "हे काय? खून करायचाय का माझा?" आणि त्याखाली तिचं. "कांदा चिरला, गॅस पेटवला, भुकेनं मेले. ये आता." त्यावर त्यानं पाठवलं होतं, पळणारा माणूस आणि मागं धुळीचा लोट.

बाईनं पट्टा सैल केला आणि ते पान पुन्हा वाचलं.

मग ते सुरूच झालं. दर एक-दोन पानांनी संध्याकाळी चाकू, ज्वाला, कवटी, आणि त्यावर पळणारा माणूस, धुळीचा लोट. मूल झालं तेव्हा तीन महिने बंद होतं. मग परत. पुढं कवटीशेजारी एक छोटं पिल्लू यायला लागलं, म्हणजे आता भुकेनं मरणारे दोघं. कधी पळणाऱ्या माणसाऐवजी कासव, म्हणजे आज मशीन अडलंय, उशीर होईल. बाईनं आयुष्यात पहिल्यांदा टाइप करता करता बाजूच्या कोऱ्या कागदावर रेघा मारल्या. एकशे त्रेसष्ट वेळा. पान दोनशे नव्वदच्या पुढं पळणारा माणूस थांबला, नुसता अंगठा यायला लागला. मग काहीच नाही. मग चाकू-ज्वालाही थांबली. आणि शेवटी पान चारशे पाच ते चारशे आठ, तो घर सोडून गेल्यावरचे ते सहा दिवस. सहा संध्याकाळी तिनं कांदा चिरला होता. सहाही वेळा खाली कोरं.

हे आता काय करायचं? हुकूम साफ होता, अर्थ लिहू नये. बायकोच्या वकिलाला जाऊन सांगणं म्हणजे एका बाजूची होणं, त्यात नोकरीच जायची. गप्प बसणं तर तिला चौतीस वर्षं जमलं होतं, आणखी एक वर्ष काढायचं होतं फक्त. फाइल तीन दिवस टेबलावर पडून राहिली. हेडक्लार्क दोनदा येऊन विचारून गेला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून, बाईनं पान चारशे पाचच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ टाइप केली. "हीच तीन चित्रं, याच क्रमानं. पाहा पान ४१." आणि फाइल वर पाठवून दिली.

पुढच्या तारखेला साक्ष नोंदवायला बाईच बसली होती. नवऱ्याचे वकील धमकीवर बोलायला उठले. साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं, फाइल नवऱ्यापुढं सरकवली.

"पान एक्केचाळीस वाचा. मोठ्यानं."

त्यानं वाचलं. आवाज आधी बरा होता, "भुकेनं मेले" पर्यंत येता येता बसला.

"आणि पान चारशे पाचवर जे आहे, त्याचा अर्थ काय?"

त्यानं पानं उलटून चारशे पाच काढलं.

"तोच असेल," तो म्हणाला.

"असेल, की आहे?"

"आहे."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"वकील म्हणाले, ही धमकी आहे. मी काही बोललो नाही." मग थोड्या वेळानं, कोणी न विचारता, "बोलायला पाहिजे होतं."

बाईनं ते जसंच्या तसं टाइप केलं. समोर बघायचं नाही असं ठरवूनही तिनं एकदा मान वर केली. बायको नवऱ्याकडं बघत नव्हती, त्याच्यामागं बसलेल्या त्याच्या बहिणीकडंही नाही. ती बाईकडं बघत होती, आणि त्या नजरेत आभार नव्हते.

संध्याकाळी हेडक्लार्कनं बोलावलं. तो बाईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण खुर्ची खुर्ची असते.

"बाई, टायपिस्टला मत नसतं."

"मत नाही लिहिलं, साहेब. पान नंबर लिहिलाय."

"तोच तर मोठा शहाणपणा. विचारलं होतं कोणी? उद्या दुसरा टायपिस्ट दुसऱ्या पानाचा नंबर लिहील. मग वकील कशाला हवेत?"

तसं पाहिलं तर त्याचंही चूक नव्हतं, आणि बाई वाद घालायच्या अवस्थेत नव्हती. तिला मेमो मिळाला. कामाच्या मर्यादेचं उल्लंघन. तिनं सही केली. त्या मेमोची कार्यालयीन प्रतही तिलाच टाइप करावी लागली, कारण दुसरं कोणी जागेवर नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिनं घरी सांगितलं. नवऱ्यानं या खेपेला टीव्ही बंद केला. "मग बरोबर केलंस की चूक?" त्यानं विचारलं. तिनं पट्टा सोडला. त्यानं उठून तिच्या मनगटाला मलम चोळून दिलं.

दाव्याचा निकाल चार महिन्यांनी लागला. धमकीचा मुद्दा काढून टाकला. मुलगी आईकडं राहणार, शनिवार-रविवार बापाकडं. घटस्फोट मंजूर. पान एक्केचाळीस वाचून दोघं परत एकत्र येतील, असं कुठंतरी बाईला वाटलं होतं का? वाटलं असेल. तिनं ते कोणाला बोलून दाखवलं नाही.

निकालाच्या दिवशी ती खाली पाणी भरायला चालली होती, तर जिन्याच्या वळणावर ती बायको पायरीवर बसलेली. बाजूला निकालाची प्रत. बाई कडेनं निघून जाणार, इतक्यात ती म्हणाली, "पान नंबर तुम्हीच लिहिला होतात ना?"

"हो."

"कशाला लिहिलात?"

बाई थांबली. "मुलगी तुमच्यापासून गेली असती."

"ते खरंय." ती निकालाच्या कागदाचा कोपरा दुमडत राहिली. "पण मला धमकी देणारी म्हटलेलं चाललं असतं हो. सहा दिवस मी त्याला जेवायला बोलावत होते आणि तो येत नव्हता, हे भर कोर्टात वाचून दाखवायला नको होतं. त्याच्या बहिणीसमोर. म्हणून तर मी बोलले नव्हते."

बाईला हे सुचलंच नव्हतं. चारशे बारा पानं वाचूनही सुचलं नव्हतं. ती बाटली हातात घेऊन तिच्या शेजारी पायरीवर टेकली. गुडघे दुखत होते.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलं असं नाही. मुलगी राहिली ना." वरून एक वकील मोबाइलवर बोलत उतरला, त्यांना ओलांडून गेला. मग तिनं विचारलं, "तुम्ही सगळं वाचलंत. सगळं म्हणजे सगळं. आमचं नक्की कुठं बिनसलं, ते कळलं का तुम्हाला? मला खरंच कळलेलं नाही."

बाईनं विचार केला. खोटं काही सांगावंसं वाटेना. "कारण नाही सापडलं," ती म्हणाली. "एवढंच दिसलं की पान तीनशेच्या पुढं तुम्ही दोघं पूर्ण वाक्यांत लिहायला लागलात. शेवटी पूर्णविराम देऊन. 'मी सात वाजता घरी येईन.' 'दूध संपले आहे, याची नोंद घ्यावी.' माझं काम सोपं झालं होतं तेव्हा. चौकोनच नव्हते भरायला."

ती हसली, पण आवाज न करता. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले, फोनवर वेळ पाहिली. मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती. "येते," ती म्हणाली आणि भराभर उतरून गेली. निकालाची प्रत पायरीवरच राहिली. बाईनं हाक मारली, तेव्हा ती परत दहा पायऱ्या चढून आली, प्रत घेतली, आणि या वेळी बाईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून गेली.

बाईनं पाणी भरलं. वर येऊन खुर्चीत बसली. टेबलावर नव्या दाव्याची फाइल येऊन पडली होती, दोनशे साठ पानं, वर हेडक्लार्कची चिठ्ठी, सोमवारपर्यंत. तिनं पहिलं पान उघडलं. पहिल्याच ओळीत तीन चौकोन होते. तिनं फोनचं चित्र जवळ ओढलं, चष्मा वर केला, आणि काय दिसतंय ते लिहायला लागली.